प्रदेशवार मुलांची स्थिती बघायचीय? ऑनलाइन आकडे कुठून घ्यायचे, कसे वाचायचे आणि कुठे फसायला होतं

पहिल्यांदा हे काम माझ्याकडे आलं तेव्हा मला वाटलं होतं की दोन दिवसांत होईल, साईटवर जायचं, आकडे उतरवायचे, नकाशा रंगवायचा, झालं. आमच्या छोट्या गटाला ठरवायचं होतं की पाच वर्षांखालच्या मुलांसाठी पुढचं काम कुठल्या भागात सुरू करायचं. तीन आठवडे बसून मी नकाशा केला, एक भाग त्यात लालभडक दिसत होता, म्हणजे आधीच्या सर्व्हेपेक्षा परिस्थिती बिघडलेली. मीटिंगला एक ताई होत्या, त्यांनी बरीच वर्षं घरोघरी जाऊन मुलांची उंची-वजन मोजायचं काम केलेलं. त्यांनी एकच विचारलं, "इथे किती मुलं मोजली होती गं?" मला उत्तर माहीत नव्हतं. शोधलं तर तीसच्या आतबाहेर निघाली. तीस मुलांवरून आपण एका अख्ख्या भागाचं काम ठरवायला निघालो होतो, आणि त्यामुळे दुसऱ्या एका भागातली मुलं मागे राहिली असती. ते मला फार लागलं. म्हणून जे मी धडपडत शिकले ते इथे पायरीपायरीने लिहितेय.

आधी हे हाताशी ठेवा

- एक्सेल, लिब्रे ऑफिस किंवा गूगल शीट्स, यातलं काहीही एक. सुरुवातीला याच्यापुढे काही लागत नाही.
- एक ईमेल, कारण काही साईटवर नोंदणी करावी लागते, आणि आकडे कशासाठी हवेत हे सांगणारा चार ओळींचा मजकूर.
- ज्या सर्व्हेचे आकडे घेताय त्याचा पूर्ण रिपोर्ट पीडीएफमध्ये. नुसती एक्सेल फाइल पुरत नाही, का ते पुढे येईल.
- प्रदेशांच्या अधिकृत कोडची यादी.
- नकाशा करायचाच असेल तर शेपफाइल (प्रदेशांच्या सीमा साठवलेली फाइल) आणि क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर, ते फुकट आहे.
- एक वही. खरंच वही. कुठली फाइल कुठून, कुठल्या तारखेला घेतली ते लिहायला.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

"मुलांची परिस्थिती कशी आहे" हा प्रश्न नाही, त्यातून नुसते आकडे गोळा होत राहतात आणि आपण त्यात बुडतो. प्रश्न असा पाहिजे: कुठल्या वयाची मुलं, कुठले प्रदेश, कुठली गोष्ट, कुठल्या काळात. उदाहरणार्थ, "या सहा प्रदेशांत पाच वर्षांखालच्या मुलांमधला खुजेपणा गेल्या दोन सर्व्हेंमध्ये कमी झाला का." हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि प्रत्येक फाइल उघडताना बघा.

२. मोजमाप निवडा, पण ते काय सांगतं ते समजून

मुलांचं "बरं चाललंय" हे एका आकड्यात मावत नाही. अमेरिकेत किड्स काउंट नावाचा उपक्रम १९९० पासून चालू आहे, ते राज्यवार तुलना करताना १६ मोजमापं घेतात आणि ती चार गटांत लावतात: घरची आर्थिक स्थिती, शिक्षण, आरोग्य, कुटुंब आणि वस्ती. तुम्ही सोळा घेऊ नका, तीन ते पाच घ्या, पण वेगवेगळ्या गटांतली घ्या, म्हणजे नुसतं आरोग्य किंवा नुसती शाळा असं होत नाही.

पोषणाच्या तीन आकड्यांत नवीन माणूस हमखास गोंधळतो. वयाच्या मानाने उंची कमी म्हणजे खुजेपणा, यालाच सगळे स्टंटिंग म्हणतात, हा बऱ्याच काळाच्या कमतरतेचा परिणाम असतो. उंचीच्या मानाने वजन कमी म्हणजे लुकडेपणा, वेस्टिंग, हा गेल्या काही आठवड्या-महिन्यांत काय झालं ते दाखवतो, आजारपण, अन्नाची टंचाई वगैरे. आणि वयाच्या मानाने वजन कमी, यात वरचे दोन्ही मिसळलेले असतात. म्हणून एखाद्या योजनेला सहा महिने झाले आणि खुजेपणा कमी झाला नाही म्हणून योजना फसली असं म्हणणं अन्यायाचं आहे, तो आकडा इतक्या लवकर हलतच नाही.

हे सगळं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढीच्या मानकांवर बेतलेलं आहे. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या साधारण साडेआठ हजार मुलांचा अभ्यास करून ती बनवली. मानकातल्या मधल्या रेषेपासून दोन प्रमाण विचलनं (आकडे मधल्या रेषेभोवती किती पसरलेत त्याचं माप) खाली गेलं की मूल खुजं किंवा लुकडं धरतात, तीन खाली गेलं की तीव्र. २००६ च्या आधीच्या रिपोर्टमध्ये जुनी मानकं असतात, त्यामुळे ते आकडे नव्यांशी थेट लावायचे नाहीत, नव्या मानकांवर पुन्हा काढलेले मिळाले तरच घ्या.

प्रदेशात खुजेपणा किती म्हणजे जास्त, यालाही पट्टी आहे: ३० टक्के किंवा वर म्हणजे अतिशय जास्त, २० ते ३० जास्त, १० ते २० मध्यम. लुकडेपणाची पट्टी वेगळी आहे, तिथे १५ टक्क्यांनाच अतिशय जास्त म्हणतात. दोन्हीला एकच रंग लावू नका.

३. आकडे कुठून घ्यायचे

देशांची तुलना करायची असेल तर यूनिसेफचं डेटा पोर्टल सगळ्यात सोपं. बालमृत्यूसाठी संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा एकत्र गट दरवर्षी अंदाज काढतो, पोषणासाठी यूनिसेफ, आरोग्य संघटना आणि जागतिक बँक मिळून काढतात, आणि लसीकरणाचे आकडे दरवर्षी जुलैत येतात.

देशाच्या आतले प्रदेश बघायचे असतील तर घरोघरच्या सर्व्हेकडे जावं लागतं. यूनिसेफचा एमआयसीएस (मुलं आणि बायकांच्या स्थितीचा सर्व्हे) १९९५ पासून चालू आहे, डीएचएस (बऱ्याच देशांत होणारा लोकसंख्या आणि आरोग्य सर्व्हे) १९८४ पासून. भारतात एनएफएचएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे, त्याची पाचवी फेरी २०१९-२१ ला झाली आणि त्यात ७०७ जिल्ह्यांचे आकडे आहेत. मुलामुलाची ओळ असलेल्या मूळ फाइलसाठी नोंदणी करून कारण लिहावं लागतं, पण तयार तक्ते बहुतेक तसेच मिळतात आणि सुरुवातीला तेवढंच घ्या.

एक गोष्ट मनापासून सांगते, जे सापडेल ते लगेच उतरवून दोन ठिकाणी ठेवा. २०२५ च्या सुरुवातीला डीएचएसचा अमेरिकन सरकारकडून येणारा निधी बंद झाला, इतकी वर्षं चाललेला उपक्रम असा अडकू शकतो, तेव्हा लिंक उद्याही चालेल असं धरून चालू नका.

तिसरा प्रकार म्हणजे दवाखाने, शाळा, केंद्रं यांच्या रोजच्या नोंदी. या दर महिन्याला मिळतात म्हणून मोह होतो, पण त्यात फक्त जे आले त्यांचीच नोंद असते. जे मूल केंद्रापर्यंत पोचलंच नाही ते यात नाही, आणि बहुतेक वेळा आपल्याला काळजी त्याचीच असते.

४. फाइल उघडताना होणारे घोळ

हे वाचायला बारीकसारीक वाटेल पण माझे सगळ्यात जास्त दिवस यातच गेले.

कंसातले आकडे: डीएचएसच्या पद्धतीत २५ ते ४९ मुलांवरून काढलेला टक्का कंसात छापतात आणि २५ पेक्षा कमी असतील तर आकडाच न देता फुली मारतात. आता सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेली साधी फाइल) एक्सेलने उघडली की कंसातल्या आकड्याला एक्सेल उणे समजतं, हिशेबवाल्यांची तशी पद्धत असते म्हणून. माझ्या शीटमध्ये (३४.२) चं झालं उणे ३४.२, सरासरी काढली तर ती खाली गेली, आणि मी दोन दिवस त्या खाली गेलेल्या सरासरीवर आनंदाने लिहीत बसले होते. टक्का उणे असूच शकत नाही, पण पाचशे ओळींत तो दिसत नाही. म्हणून पहिलं काम, प्रत्येक कॉलममधला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा काढून बघा. शून्याखाली किंवा शंभरावर काही असेल तर थांबा.

फुली, रेघ आणि रिकामा चौकोन: तिघांचे अर्थ वेगळे असतात आणि शून्याचा अजून वेगळा. फुलीच्या जागी शून्य भरलं की "या भागात एकही खुजं मूल नाही" असं होतं.

कोडमधलं पुढचं शून्य: ०७ चं एक्सेल ७ करतं आणि मग दोन फाइली जुळत नाहीत. फाइल डबल क्लिक करून उघडायच्या ऐवजी डेटा मेनूतून आत घ्या आणि कोडचा कॉलम टेक्स्ट म्हणून ठेवा.

नावं: नावावरून फाइली कधीच जोडू नका. हमीरपूर हिमाचलमध्येही आहे आणि उत्तर प्रदेशातही, जॉर्जिया देशही आहे आणि अमेरिकेतलं राज्यही. स्पेलिंगचा गोंधळ वेगळाच. कोडवरूनच जोडा.

५. टक्का कशाचा आहे, भाजक कोण

प्रत्येक टक्क्याखाली विचारा, शंभर कोण? सगळी मुलं, की सर्व्हेच्या वेळी घरी असलेली, की केंद्रात नाव असलेली, की वजन केलेली? रिपोर्टमध्ये हे तक्त्याच्या वर किंवा खाली बारीक अक्षरात असतं, म्हणूनच पीडीएफ लागते म्हणाले.

दोन उदाहरणं घ्या. लसीकरण "१०८ टक्के" असं रोजच्या नोंदींमध्ये दिसतं, ते कसं? कारण भाजक म्हणजे जुन्या जनगणनेवरून काढलेली अंदाजी मुलं, आणि अंशात शेजारच्या भागातून आलेलीही मुलं. दुसरं, पूर्ण लसीकरण सर्व्हेमध्ये साधारण १२ ते २३ महिन्यांच्या मुलांवर मोजतात, पाच वर्षांखालच्या सगळ्यांवर नाही, तेव्हा तो आकडा सगळ्या लहान मुलांना लावता येत नाही.

बालमृत्यूदर तर टक्का नसतोच, दर हजार जिवंत जन्मांमागे असतो. शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत २०३० पर्यंत पाच वर्षांखालचा दर २५ किंवा खाली आणि नवजात बाळांचा १२ किंवा खाली आणायचा आहे, ते हजारामागेच. आणि सर्व्हेतला प्रदेशवार मृत्यूदर बऱ्याचदा मागच्या दहा वर्षांचा मिळून असतो, कारण एका वर्षाच्या घटना प्रदेशात मोजायला पुरत नाहीत. म्हणजे यंदाच्या रिपोर्टमधला दर खरं तर काही वर्षं मागची गोष्ट सांगत असतो. गेल्या वर्षी सुरू झालेल्या दवाखान्याचं यश त्यात शोधू नका.

६. किती मुलं मोजली, आणि फरक खरा आहे का

हीच ती ताईंची गोष्ट. एक हिशेब करून दाखवते, घाबरू नका, मोबाईलवरच्या कॅल्क्युलेटरवर होतो.

समजा एका भागात ४०० मुलं मोजली आणि ३० टक्के खुजी निघाली. ०.३० गुणिले ०.७० म्हणजे ०.२१, त्याला ४०० ने भागा, वर्गमूळ काढा, साधारण ०.०२३ येतं, म्हणजे टक्केवारीचे २.३ अंक. त्याची दुप्पट केली की दोन्हीकडे साडेचार अंकांची सूट. पण सर्व्हेत मुलं सुटी सुटी निवडत नाहीत, वस्ती निवडतात आणि त्या वस्तीतली घरं घेतात, शेजारची मुलं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे सूट अजून वाढते, या उदाहरणात धरा साडेपाच. म्हणजे खरा आकडा बहुधा २४.५ ते ३५.५ मध्ये कुठेतरी.

आता शेजारच्या भागात पण ४०० मुलं आणि ३४ टक्के. बातमी होईल की हा भाग वाईट. पण दोन्हीकडची अनिश्चितता एकत्र केली तर फरक साधारण ८ अंकांच्या वर असेल तेव्हाच तो खरा आहे असं भरवशाने म्हणता येतं. ४ अंकांवर काहीच म्हणता येत नाही. म्हणून पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर लावूच नका. तीन गट करा, स्पष्टपणे वर, स्पष्टपणे खाली, आणि मधे "सांगता येत नाही". मधल्या गटातल्या लोकांना हे आवडत नाही, मला अजून फोन येतात, पण बरोबर तेच आहे.

मोजणं कसं होतं तेही ताईंनी मला प्रत्यक्ष दाखवलं. दोन वर्षांखालचं मूल फळीवर आडवं झोपवतात, एकजण डोकं धरतो, दुसरा गुडघे दाबून पायाशी सरकती फळी लावतो, मूल रडत असतं, आई कावरीबावरी झालेली, आणि तेवढ्या क्षणात मिलिमीटरपर्यंत वाचायचं. दोन वर्षांवरचं मूल उभं करून मोजतात. त्याच मुलाला आडवं मोजलं की साधारण ०.७ सेंटीमीटर जास्त भरतं. आणि वय एका महिन्याने चुकलं तरी मूल खुजं की नाही हे बदलू शकतं, म्हणून जिथे जन्मनोंदणी कमी तिथले खुजेपणाचे आकडे जरा जपून वापरा.

७. आधीचं आणि आताचं

टक्का आणि टक्केवारीचे अंक यात फरक करा. भारताचा खुजेपणा एनएफएचएसच्या चौथ्या फेरीत ३८.४ टक्के होता, पाचव्या फेरीत ३५.५. ही २.९ अंकांची घट, "२.९ टक्क्यांनी घट" नाही. टक्क्यांत म्हणायचं तर साधारण साडेसात.

सीमा बदलतात. तेलंगणात २०१६ मध्ये १० जिल्ह्यांचे ३१ झाले. जुन्या जिल्ह्याचा आकडा त्याच नावाच्या नव्या, लहान जिल्ह्यासमोर ठेवला तर बदल मुलांचा नसतो, रेषेचा असतो. नवे तुकडे जोडून जुना जिल्हा बनवता येत असेल तर बनवा, नाहीतर ती ओळ सोडून द्या.

पद्धत बदलते. भारतातच २०१५-१६ च्या एनएफएचएसमध्ये सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत अॅनिमिया ५८ टक्क्यांच्या वर होता, आणि २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्व्हेत एक ते चार वर्षांच्या मुलांत साधारण ४१. मुलं दोन वर्षांत इतकी सुधारली नाहीत. एकात बोटाला टोचून रक्त घेतलं, दुसऱ्यात शिरेतून, शिवाय वयोगट वेगळा. अशा दोन आकड्यांमध्ये रेघ ओढायची नाही.

महिना बघा. लुकडेपणा वर्षभरात खालीवर होतो, धान्य संपत आलेल्या महिन्यांत आणि आजारांच्या हंगामात वाढतो. एक भाग एका मोसमात आणि दुसरा दुसऱ्यात मोजला असेल तर तुलना लंगडी. एनएफएचएसची पाचवी फेरी दोन टप्प्यांत झाली, काही राज्यं महामारीच्या आधी मोजून झाली, बाकीची जास्त करून नंतर. हे तुमच्या तक्त्याखाली लिहिलंच पाहिजे.

आणि जागतिक अंदाज वापरताना दोन वेगळ्या वर्षांचे रिपोर्ट मिसळू नका. २०२३ च्या रिपोर्टमध्ये २०२२ साठी खुज्या मुलांची संख्या १४ कोटी ८१ लाख होती, २०२५ च्या रिपोर्टमध्ये २०२४ साठी १५ कोटी २ लाख. यांची वजाबाकी करायची नाही, कारण दर वेळी नवे सर्व्हे घालून मागची सगळी वर्षं पुन्हा काढतात. जी तुलना करायची ती एकाच रिपोर्टच्या आत करा.

८. बेरीज, सरासरी, नकाशा

एका भागात २ लाख मुलं, २० टक्के खुजी. दुसऱ्यात २० हजार मुलं, ५० टक्के खुजी. दोघांची सरासरी ३५ नाही. ४० हजार अधिक १० हजार म्हणजे ५० हजार, भागिले २ लाख २० हजार, म्हणजे साधारण २२.७ टक्के. आता काम कुठे करायचं? टक्का दुसऱ्यात जास्त, मुलं पहिल्यात चौपट. याचं उत्तर आकडे देत नाहीत, ते माणसांनी बसून ठरवायचं, तेव्हा तक्त्यात दोन्ही कॉलम ठेवा.

नकाशाचं थोडक्यात. मोठं क्षेत्रफळ डोळ्यात भरतं जरी तिथे मुलं कमी असली तरी, म्हणून टक्क्याला रंग आणि संख्येला गोल वापरा. रंगांचे टप्पे पायरी २ मधल्या पट्टीचे घ्या, सॉफ्टवेअर आपोआप लावतं ते नको. जिथे आकडा नाही तिथे करडा.

आणि फार लहान संख्या छापू नका. एखाद्या लहान वस्तीत "३ मुलं" असं लिहिलं की ती कोण हे तिथे सगळ्यांना कळतं. डीएचएसवाले वस्तीची जागा देताना मुद्दाम हलवून देतात, शहरात २ किलोमीटरपर्यंत, खेड्यात बहुतेक ठिकाणी ५ पर्यंत, ते याचसाठी. त्यावरून गाव शोधायला जाऊ नका.

९. प्रसिद्ध करायच्या आधी

प्रत्येक तक्त्याखाली चार गोष्टी: सर्व्हेचं नाव, मोजणीचा काळ (रिपोर्ट छापल्याचं वर्ष नाही), वयोगट, किती मुलं. "अमुक भागातल्या आया लक्ष देत नाहीत" असलं काहीही प्रदेशाच्या आकड्यावरून लिहायचं नाही, प्रदेशाचा आकडा एकेका घराबद्दल काहीच सांगत नाही, आणि असं वाक्य कोणाच्या तरी घरापर्यंत पोचतं.

मूळ फाइल जशी उतरवली तशी वेगळी ठेवा, तिच्यात एक अक्षर बदलू नका, सगळं काम कॉपीवर. फाइलच्या नावात तारीख घाला.

शेवटी, ज्या भागाबद्दल लिहिलंय तिथे मुलांसोबत रोज काम करणाऱ्या किमान दोघांना तुमचा तक्ता दाखवा, नर्स असेल, शिक्षिका असेल. काय सिद्ध होतं ते त्यांना विचारू नका, एवढंच विचारा की यातला कुठला आकडा तुम्हाला पटत नाही आणि का. एकदा एका नर्सबाईंनी मला सांगितलं की त्या महिन्यात आमच्याकडची निम्मी कुटुंबं कामासाठी बाहेर गेली होती, सर्व्हेवाल्यांना घरं बंद मिळाली. हे कुठल्याच फाइलमध्ये नव्हतं. माझ्या शीटमध्ये आता अशा गोष्टींसाठी एक वेगळा कॉलम आहे, तो मी तक्त्यासोबतच छापते.